उसनं पाणी

परिपत्रक आलं त्या सोमवारी
भूमच्या ग्रामीण रुग्णालयात नळाला पाणी नव्हतं.
मी प्रयोगशाळेतला,
म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला.
साठ बाटल्या मोजून घेतल्या.
झाकणं एकोणसाठ.

निराधारांचं अनुदान चालू राहायचं तर
निर्व्यसनी असल्याचा दाखला.
नमुना : लघवी. मुदत : महिनाअखेर.
खाली सही. कुणाची ते लागत नाही.

बाया पहिल्या एसटीनं आल्या,
ईटहून, पाथरूडहून, वालवडहून,
काल दिवेलागणीपासून
घोटभरही न प्यालेल्या.
बाई गावाबाहेर निघाली
की तहान घरी ठेवून निघते,
हे वरती कुणाला माहीत नसावं.

केवळाबाई बाटली घेऊन गेली,
रिकामी घेऊन आली.
पुन्हा गेली.
"येईना बाबा," म्हणाली,
"जलमभर मीच आनलं पानी.
हिरीचं आनलं, झऱ्याचं आनलं,
टँकरमागं पळून आनलं.
आता सरकारला माज्यातलं पायजे?"
बब्रुवान शिपाई हसला.
मग हसायचा थांबला.

मी पट्टी दाखवली.
दोन रेघा उमटल्या तर काही नाही,
एकच उमटली तर तंबाखू,
तंबाखू निघाली तर पंधराशे बंद.
"दोन रेघा?" ती म्हणाली,
"दोन रेघा आल्या तवा
माज्या सुनंनं पेढं वाटलं व्हतं."
अख्खी रांग हसली
आणि पदर तोंडाला जाईस्तोवर
दिसायचं ते दिसलं,
मिसरीचे दात,
तव्याच्या बुडासारखे.

मी विचारलं नव्हतं तरी ती सांगत बसली.
बहात्तर साली, तलावाच्या कामावर,
बारा वर्षांची.
खडी फोडताना दाढ ठणकली
तर मुकादमाच्या बायकोनं बोटभर दिली.
दाढ थांबली.
भूकही थांबली, तेच जास्त बरं वाटलं.
"तवा सुकडी वाटायचे.
वंजळ पुढं केली की वंजळभर.
तोंड उघड म्हनलं न्हाई कुनी."

बाहेर चिंचेखाली कुणाचा तरी नातू रडत होता.
मी रजिस्टरच्या रेघा आखत राहिलो.

हलीमाबी शेख, ईटचीच,
जिच्या दातांना आजवर काही लागलेलं नाही,
आत गेली ती लवकर बाहेर येईना.
केवळाबाईची रिकामी बाटली
टेबलावरून कधी उचलली गेली
ते मला कळलं नाही.
असं मी कुणी विचारलं तर म्हणेन.

आली तेव्हा हातात दोन.
एक तिनं माझ्यापुढं ठेवली,
दुसरी केवळाबाईच्या पदराखाली सरकवली,
जशी उन्हाळ्यात टँकर चुकलेल्या घरी
भिंतीवरून एक कळशी जाते,
न बोलता.

दोन्ही बाटल्या सारख्याच कोमट.
रंगही तोच, गडद,
पाणी मोजून पिणाऱ्या माणसाचा.
एकीला झाकण नव्हतं,
मी कापसाचा बोळा लावला.
पट्ट्या बुडवल्या. पाच मिनिटं धरली.
चार रेघा.

दाखल्यावर निर्व्यसनी लिहिताना
पेन त्या जोडाक्षरात अडकलं,
शाईचा ठिपका पडला.
तो तसाच राहू दिला, त्यावरच शिक्का मारला.

हात धुवायला बाहेर आलो,
नळ फिरवला, सवयीनं.
पायरीवर केवळाबाईनं डबी उघडली होती.
मला बघून बोट थांबलं.
मी नळाकडंच बघत राहिलो
तसं ते पुन्हा दातांकडं गेलं.

"बेस्तरवारी टँकर हाय,"
ती हलीमाबीला सांगत होती,
तोंडात बोट, शब्द अर्धवट,
"पयली कळशी तुजी."