गटिंग

तार तुटली नव्हती, म्हणून मी गेलेच नाही.
तीन वर्षं सकाळी सहाचा हॉल,
आणि मग दिवसभर रॅकेट स्कूटरच्या हुकाला,
बँकेबाहेर, सोलापूरच्या उन्हात.

मार्चपासून माझं फूल मागच्या रेषेपर्यंत पोचेना.
मी मनगटाला तेल चोळलं, क्रेप बँडेज गुंडाळलं.
त्रेचाळीस, म्हणाले स्वतःशी. त्रेचाळीस.
जुबेदा जाळीपलीकडून म्हणाली,
आवाज ऐक की तुझ्या रॅकेटचा,
भिजल्या पुठ्ठ्यावर थापटी मारल्यागत येतोय.

अशोक चौकाच्या मागं मल्लेशम गाजूल यांचं दुकान.
अर्ध्यात झेरॉक्स, अर्ध्यात गटिंगचं मशीन.
तीस वर्षं चादरींच्या मागावर होते.
“तेव्हाबी शटल, आताबी शटल,” म्हणतात
प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला.

त्यांनी चष्मा पुसला.
नखानं एक उभी तार बाजूला सारली.
ती सरली, आणि तिथंच राहिली.
“परत यायला पाहिजे होती, ताई.”

पण तुटली कुठाय, मी म्हटलं.

त्यांनी खाचा दाखवल्या,
आडवी तार उभीला घासत आली होती तिथल्या,
बारीक, उंदरानं दात लावल्यासारख्या.
“धागा तुटला की माग थांबतो. सोपं असतंय ते.
सैल धाग्यावर माग चालूच राहतो.
चादर होती. घडी घालताना कळतंय.”

मग कात्री. आधी मधोमध, मग हळूहळू कडेला.
एका अंगानं कापलं तर चौकट वाकते म्हणे.
टप. टप.
रिकाम्या चौकटीतून पलीकडची
शेंगाचटणीची पुडकी दिसली, लाल, ओळीनं.

“किती पौंड?”
चोवीस, मी म्हटलं, पहिल्यासारखं.
त्यांनी बँडेजकडं बघितलं. “बावीस करू.”
मला राग आला.
“करा,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिलंच फूल रेषेबाहेर पडलं, दोन बोटं.
आउट, जुबेदा ओरडली, भलतीच खूश.

मनगट अजून दुखतं. सगळाच दोष तारेचा नव्हता.
पण आता सर्व्हिसच्या आधी
मी नखानं एक तार सारते
आणि ती परत येते का बघत उभी राहते,
जरा जास्तच वेळ,
पलीकडून आवाज येईपर्यंत:
टाक की!