शुद्धीचा रकाना

चोपड्याजवळ, केळीच्या बांधावर
हिलाल कोळी आडवा.
घड वाहता वाहता कोसळला, दुपारी दोनला.
अंग तापलेलं, कोरडं. नाडी धावतेय.
बायको म्हणते, ‘त्यासले ऊन लागनं.’
मी लिहिते : उष्माघात.

भिकन गाडी सावलीत घेतो.
काखेत, मानेशी, जांघेत बर्फ,
खाली बायांनी अंथरलेली ओली केळीची पानं.
पानांना फॉर्मवर जागा नाही.

शुद्ध?
चार चौकोन :
जागा. आवाजाला. वेदनेला. काहीच नाही.
कानाशी वाकून मी हाक मारते,
खांदा दाबते,
थांबते.
पेन चौथ्यावर टेकलेलं.

तेवढ्यात बायको ओरडते,
‘गोऱ्हा सुटना हो!’

पापणी हलते.

दुसऱ्या चौकोनात मी खूण करते
आणि समासात, बारीक अक्षरात :
गोऱ्हा.