बिल्ला क्रमांक दोनशे सतरा

पहिला अंक एक तास दहा मिनिटांचा.
तेवढ्यात अर्धं प्रकरण होतं,
मध्येच कुणी खोकत बाहेर आलं नाही तर.

रीगाच्या या ऑपेरागृहात मी कोट सांभाळते.
सातशे हुक, सातशे पितळी बिल्ले,
आणि टेबलाच्या खणात, विणकामाखाली,
जावाचं जाडजूड पुस्तक:
सर्व्हरच्या बाजूनं वेब कसं लिहावं.
भाच्यानं, गातिसनं, कॉर्कला जाताना माझ्याकडे टाकलेलं,
बुटांच्या खोक्यात, एका पायमोज्यासकट.
पुस्तक रशियन, कोड इंग्रजी,
शिव्या मात्र मी लाटवियनमध्येच देते.

आर्वीद्स, आमचा दारवान, म्हणतो,
स्कायद्रीते, त्रेपन्नाव्या वर्षी माणसं शेपूचे वाफे लावतात.
मी म्हणते, ते लावून झाले.

पहिले तीन आठवडे ओ की ठो कळलं नाही.
टॉमकॅट उठे आणि पडे,
पडताना साठ ओळींचा आक्रोश करी,
त्यातली कामाची एकच,
तीही मधेच कुठेतरी दडलेली.
एकदा चार रात्री गेल्या
एका तिरक्या रेघेपायी.
या भाषेत वाक्य अर्धविरामावर संपतं,
पूर्णविराम कुणाच्याच वाट्याला नाही.
हे मला आवडलं, का ते सांगता येणार नाही.

मग सातवं प्रकरण आलं.
सर्व्हरला, म्हणे, कुणाचाच चेहरा आठवत नाही.
येणारी प्रत्येक विनंती अनोळखीच.
म्हणून पहिल्या भेटीत तिच्या हाती एक क्रमांक द्यायचा,
पुढच्या वेळी तिनं तो दाखवायचा,
मग आत जाऊन तिची वस्तू शोधायची.

मी पुस्तक मिटलं.
रंगमंचावर कुणीतरी मरत होती, उंच सुरात, सावकाश.
म्हटलं, अगं, एवढंच?
एकोणीस वर्षं मी दुसरं काय करतेय?
मंत्रीणबाईंचा मिंक असो
की फाटक्या अस्तराचं विद्यार्थ्याचं जाकीट,
तोंडं मी लक्षात ठेवत नाही, ठेवायची नसतात.
बिल्ला द्या, कोट घ्या.

त्या रात्री घरी बर्फाचे बूटही न काढता
सेशन लिहिलं.
ब्राउझर म्हणाला, या, तुम्ही दुसऱ्यांदा आलात.
मी तिसऱ्यांदा गेले. चौथ्यांदा.
एकवीस वेळा गेले, वेड्यासारखी,
खालून ट्रामा जायच्या बंद होईपर्यंत,
आणि दर वेळी त्यानं ओळख दिली.

पण त्याच प्रकरणात, शेवटून दुसऱ्या पानावर:
तीस मिनिटं समोरून चकार शब्द आला नाही
की क्रमांक पुसायचा, वस्तू टाकून द्यायची.
आठवण जागा खाते.
बरोबरच आहे.
आमच्याकडेही नियम आहे, तीन महिने,
नंतर चर्चच्या गरिबांना.

फक्त दोनशे सतरा.
राखाडी, लोकरीचा, पुरुषी.
दोन फेब्रुवारी उलटून गेले.
बाहेर उणे चौदा, आणि तो नुसत्या सदऱ्यावर कसा गेला?
रुग्णवाहिका आली नव्हती, भांडण झालं नव्हतं,
आर्वीद्सनं मुलीची शपथ घेऊन सांगितलं.
खिशात ट्रामची दोन तिकिटं, वापरलेलं एकच.
कसर लागू नये म्हणून मी लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवते.
तिसरं बटण लोंबत होतं, ते शिवलं.
चेहरा आठवत नाही.
बिल्ला अजून त्याच्याकडेच आहे.

पुस्तक सांगतं, मुदतीच्या जागी उणे एक लिहा,
मग सर्व्हर कधीच विसरत नाही.
लगेच खाली, ठळक अक्षरात: असं करू नका.
मी तीसच ठेवले.
शहाणं यंत्र असावं एखादं तरी.

टाळ्या सुरू झाल्या. पुस्तक विणकामाखाली.
पुढचं प्रकरण गर्दीबद्दल आहे,
एकाच क्षणी शंभर जणांनी हात पुढे केले तर काय करावं.
ते मला कुणी शिकवायला नको.
दारं उघडतात, सगळ्यांनाच शेवटची बस गाठायची असते,
मी दोनशे सोळा काढते, दोनशे अठरा काढते,
मधल्या बाहीला धक्का लागतो,
ती जराशी हलते.