तीस अंशांवर

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर
मसुराएवढी गाठ.
दुखत नव्हती, म्हणून सांगितली नाही कुणाला.
नाताळपर्यंत मनगटाशी दुसरी,
मग कोपराखाली तिसरी,
कुणीतरी जिना चढत होतं, पायरीगणिक दम खात.

डंडीच्या इस्पितळात, खिडकीबाहेर शिशासारखी टे नदी,
डॉक्टर फर्कर विचारतात : घरी मासे आहेत का?
म्हटलं, बांगडे आहेत. फ्रीजरमध्ये.
ते हसले नाहीत.
जिवंत?

जिवंत, हो. निहारचे.
ब्रिस्टलला शिकायला गेला तेव्हा मागे ठेवले
सात निऑन टेट्रा, एक गोगलगाय,
आणि फ्रीजवर चिठ्ठी : आई, दर रविवारी
एक तृतीयांश पाणी बदल.
मी बदलत आले, उघड्या हातांनी,
जसे त्याचे डबे घासले, मोजे पिळले.

नणंदेची किडनी आहे माझ्या पोटात, उजवीकडे, खाली.
कुंदा आणि मी मानाच्या साडीवरून
अकरा वर्षं बोललो नव्हतो.
मग तिने ही दिली.
साडीचा विषय अजून निघालेला नाही.
माझ्या रक्ताने तिला परकी म्हणू नये
म्हणून सकाळी आठला, रात्री आठला एकेक गोळी :
दारावरच्या राखणदाराला गुंगी.
एका पाहुणीसाठी त्याला डोळे मिटायला सांगितले,
त्याने सगळ्यांसाठीच मिटले.

बोटातला तुकडा प्रयोगशाळेत गेला.
अंगाच्या उबेत काही उगवेना.
क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद,
त्याला थोडं गार लागतं, तीस अंश,
या गावात माझी बोटं असतात तितकं.
सहाव्या आठवड्यात ठिपका दिसला.
उजेडात धरला की पिवळा होतो, फर्कर म्हणाले.
हळदीसारखा? मी विचारलं.
मला हळद माहीत नाही, ते म्हणाले,
पण हो, असेल.

आता सहा महिने आणखी दोन गोळ्या,
आणि त्यांची आधीच्यांशी भांडणं.
निहार फोनवर रडवेला : देऊन टाक ना ती टाकी.
बघते, म्हटलं.

रविवारी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले.
मासे लांब पळाले, ओळखीचा हात नव्हता तो.
गोगलगाय तेवढी आली,
सावकाश,
अंगठ्याला चिकटून बसली.
पाणी बदलून होईपर्यंत
मी तो अंगठा हलवला नाही.