तिसरं वळण

पालीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
काटा लाल रेघेला टेकायचा.
आधी तापल्या पितळेचा वास,
मग शिट्टी, मग बॉनेटच्या फटीतून वाफ,
आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रकांचे हॉर्न.

अण्णांची फियाट, सहासष्टची.
अण्णा ढोरांचे डॉक्टर. मागच्या सीटला
अजून फिनेलचा आणि कडब्याचा वास आहे,
तो मला काढायचा नव्हता.
तापणं तेवढं काढायचं होतं.

बार्शी नाक्यावरचा पहिला म्हणाला, पट्टा सैल.
अंगठ्यानं दाबून दाखवला, नवा घातला.
दुसऱ्यानं झाकण बदललं. तिसऱ्यानं
थर्मोस्टॅटच उपसून माझ्या हातावर ठेवला:
"आपल्या उन्हाळ्यात हे कशाला पाहिजे, मॅडम?"
मी तो घरी आणून चहाच्या पातेल्यात सोडला.
पाणी उकळीला आलं तसं त्यानं तोंड उघडलं,
सावकाश,
अवेळी उठवलेल्या माणसासारखं.
त्या बिचाऱ्यात काही खोट नव्हती.
पुन्हा बसवला. पुन्हा घाट. पुन्हा शिट्टी.

खाजा मिस्त्रीनं काहीच उघडलं नाही.
गाडी चालू ठेवायला सांगितली, विडी विझवली,
आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवला
वरून खाली, मग आडवा.
अण्णा असाच बैलाचा कान धरायचे
आणि ताप किती ते सांगायचे.
"ऊपर गरम, नीचे ठंडा.
बीच मेंच अटका है कुछ."

डाग उकलून वरची टाकी काढली, तर आत
खडू. चुना. गेरू. बुजलेल्या नळ्या,
कुणी तरी लिंपून टाकल्यासारख्या.
त्यानं स्क्रूड्रायव्हरनं एक खपली उचकटली
आणि माझ्या हातावर ठेवली. नखाएवढी.
कडेनं पाहिलं तर थरावर थर.

लिंबागणेशचा आड असेल यात,
नेकनूरच्या बाजारातला हापसा,
धारूरला दवाखान्यामागचा हौद,
केजच्या रस्त्यावरची, नाव नसलेली एक विहीर.
बहात्तरचाही थर असणार कुठे तरी.
आई सांगायची, त्या साली छावण्यांवर जाताना
गाडीसाठी पाणी मागायची यांना लाज वाटायची.
इंजिन बंद करून बाभळीखाली बसून राहायचे
तास तास, थंड होईस्तोवर.
तरी कुणी तरी बाई यायची,
न बोलता अर्धी कळशी ओतून जायची.

मिस्त्री म्हणाला, "आडाच्या पाण्याची भुकटी होते,
धुतली की जाते.
हा दगड बोअरचा. जितकं खोल जाल
तितकं जड पाणी."

दोन दिवस ॲसिड, पितळी सळई, मग पाइप लावून
उलटा प्रवाह, खालून वर.
आधी लाल गढूळ, मग ताकासारखं,
मग गटारीच्या कडेला शेळीनं तोंड लावायला बघितलं
इतकं नितळ. मिस्त्रीनं तिला हाकललं.
खालचा नळ आतून दबत होता, त्यात स्प्रिंग घातली.
"आता बॅटरीचं पाणी घाल. हापशाला जाऊ नको."
पैसे सांगितले तेवढे घेतले, खपली मात्र परत मागितली नाही.

रविवारी निघाले. पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्याला काटा मधोमध, हलेचना.
मी तरीही थांबले.
पाय आपोआप ब्रेकवर गेला म्हणा.

टपरीतून मुंजाजी निळा कॅन घेऊन पळत आला,
दरवेळी यायचा तसाच.
बॉनेटकडे बघितलं. वाफ नाही.
कॅन या हातातून त्या हातात घेतला.
"आज लागणार नाही का?"

म्हटलं, "लागणार ना. तहान लागलीय."

त्यानं तांब्या भरून दिला.
आतून काठाला पांढरी रेघ.
पाणी मचूळ होतं, जडच.
मी सगळं प्याले.