खोली नंबर सात, लश्कर

ग्वाल्हेरचा जानेवारी, आणि आम्ही पंखा लावून बसलो.
वॉचमन भदौरिया म्हणाला होता,
'बाईसाहेब कुछ नहीं करतीं. बस, पंखा बंद कर देती हैं.'

तिघं. उसना रेकॉर्डर. जागं राहायला मुरैन्याची गजक.

'कोई है?' पराशर दर पंधरा मिनिटांनी विचारायचा,
विजेचं मीटर बघायला आल्यासारखा.
पंखा फिरतच होता.

तीनला दोघंही घोरू लागले.
मला काय सुचलं कोण जाणे,
अंधाराला म्हटलं,
'थंडी वाजते का हो?'
आई गेल्यापासून मराठी
तोंडातून निघालीच नव्हती.

सकाळी रेकॉर्डर लावला:
घोरणं, कुत्री, गजकेचा कागद,
मग एक बाई,
थेट आईच्या हेलात.

'मिल गई!' पराशर ओरडला.

ती मी होते, हे न सांगता
मी उरलेली गजक बांधून घेतली.