नवं चाक

कालच खोक्यातून काढलेलं,
स्पोकांवर कारखान्याचं तेल तसंच.
हवेत फिरवलं तर गुळगुळीत, गप्प.
पण आस चिमटीत धरून
हळू वळवला
की आत कुरकुरतं,
घासात खडा यावा तसं.

वाळू, मी म्हटलं.
सोहारमध्ये दुसरं काय असणार.

परकारमामांनी डोळे मिटले,
बोटांनी पुन्हा ऐकलं.
"रेती नाय. जास्त आवळलाय.
नव्याला आवळूनच धाडतात."
दोन पाने, पाव फेरा मागे.
"जरा हलू दे.
सायकलीत कसला की बसेल जागेवर."

पैसे घेतले नाहीत.
ग्रीसचा अंगठा तेवढा
माझ्या कोऱ्या युनिफॉर्मवर उमटला.

मला इथे येऊन अठरा दिवस.
रात्री घरी फोन लावला,
"मजेत आहे" म्हणताना
स्वतःचा जबडा चाचपून पाहिला.